रडू देऊ नका

१६ नोव्हेंबर १९८५, सौंसर

एवढ्या लहानाला दुखत नाही म्हणे!

सुटी देताना मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. अनुनं विचारलं होतं. वॉर्डात कोणाशी धड न बोललेली माझी मुलगी, तिनं धीर करून विचारलं — “डॉक्टर, टाके दुखत असतील ना त्याला?” ते हसले. “दीड महिन्याचं बाळ ते. त्याला दुखण्याची समज कुठली? भुकेनं रडतो.” आणि लगेच, फाइल मिटता मिटता — “डाव्या बाजूलाही हर्निया आहे. जरा बाळसं धरू दे, मग तोही करून टाकू. तोवर रडू देऊ नका. रडलं की आतडं खाली उतरतं. अडकलं तर पुन्हा धावत याल.”

दुखत नाही, पण रडू देऊ नका. बसमध्ये सौंसर येईपर्यंत ही दोन वाक्यं मी शेजारी शेजारी ठेवून पाहत होते. जुळत नाहीत.

दिवाळी नागपूरच्या वॉर्डातच गेली. बाहेर फटाके, आत बाबूचे हात लाकडी फळीला पट्टीनं बांधलेले, सलाईनची सुई निघू नये म्हणून. अजून नाव ठेवलेलं नाही, नुसता बाबू. ड्रेसिंगच्या वेळी पाय धरायला घरातलं एकच माणूस आत घेत. अनुला जमेना, मला घेईनात — बाया रडतात म्हणे! हे गेले. रोज हेच जात. बाहेर येत ते चष्मा हातात धरून. मी विचारलं तर एकच उत्तर — “काही नाही. एवढ्याला कळत नाही.” गणिताचे मास्तर. डॉक्टरांनी मांडलं ते ह्यांच्या दृष्टीनं सिद्ध झालं.

मला नाही पटत. कळत नाही तर लंगोटाला हात लागण्याआधीच तो पाय पोटाशी का ओढून घेतो?

१७ नोव्हेंबर

पांढुर्ण्याहून जावई आणि विहीणबाई आल्या. सुरेशराव बाळाकडे बघायलाच घाबरतात, दारातूनच बघितलं. प्रेमलताबाईंनी मात्र दुपटं उचलून पट्टी पाहिली आणि खाली ठेवत म्हणाल्या, “आमच्याकडे असं कोणालेच नव्हतं बाई.”

आमच्याकडे होतं जणू! चहात साखर जास्त पडली माझ्या हातून. प्यायल्या.

जाताना — “दुसरं ऑपरेशन झालं की पांढुर्ण्यालेच पाठवा. इथं लेकरू नुसतं रडून राह्यलं.”

१९ नोव्हेंबर

रडतो. भुकेचं रडणं मला कळतं, एक मूल वाढवलंय मी. हे ते नाही. कपाळाला म्हाताऱ्यासारख्या आठ्या, हनुवटी थरथरते, मुठी घट्ट. अंगावर घेतलं तरी तोंड सोडतो आणि पुन्हा तेच. अनु त्याच्याबरोबर रडते. “आई, डावीकडे फुगलं का बघ! बघ ना!” दर वेळी आम्ही दोघी लंगोट सोडून बघतो, आणि सोडताना त्याला आणखी दुखवतो.

अंबाबाई सकाळी येऊन हातापायांना तेल लावून जाते. पोटाला हात लावत नाही, मी बजावलंय. सौंसरातली निम्मी बाळं तिच्या पायांवर न्हालेली. तिचं आपलं एकच — “दुखते त्याले बाई. तेल का करंल त्याले.”

संध्याकाळी शाळेतून आल्यावर ह्यांनी बाबूला मागितलं. ओसरीवर येरझारा घालत करंगळी त्याच्या तोंडात दिली. काय चोखलं त्यानं! आठ्या हळूहळू विरल्या. अनु म्हणाली, “बाबा, तुमच्या करंगळीत काय जादू आहे हो?” हे हसले नाहीत. म्हणाले, “चोखायला काहीतरी हवं असतं त्यांना.”

२० नोव्हेंबर

आज सकाळपासून बाबू शांत! घरानं जणू डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं. सगळे जेवलो.

२२ नोव्हेंबर

शांत आहे. पण किती? दूध पिता पिता मान टाकतो. काल शी झाली नाही, आज नाही. काल भांडं पडलं तरी दचकला नाही. अनु खूश — “बरा होतोय, आई.” माझे सासरे, बापूजी, बाजेवरून ओरडले, “पोट्टं शहाणं झालं!” मीही हसले.

हसले आणि मग पाळण्याशी जाऊन त्याच्या छातीवर हात ठेवला. जखम दहा-बारा दिवसांची. कालपरवापर्यंत बोट लागू देत नव्हता. दुखणं असं एका दिवसात उठून जातं? पाहुण्यानंसुद्धा दारात थांबून बोलून जावं लागतं.

२३ नोव्हेंबर

टाके काढायला नागपूर. आत पुन्हा हेच गेले. बाबू फारसा रडला नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, “बघा, म्हटलं नव्हतं?”

हे औषध आणायला खाली गेले तेव्हा भूल देणाऱ्या बाई आल्या. तरुण आहेत. पुढच्या ऑपरेशनसाठी बाळ बघायचं म्हणाल्या. छाती ऐकली. मग बॅटरी डोळ्यांवर धरली, पुन्हा धरली. अनुला वजन करायच्या निमित्तानं पलीकडे पाठवलं आणि मला हळूच म्हणाल्या, “याला काही देता का?”

“काय देणार?”

“बाहुल्या बघा. मोहरीएवढ्या झाल्यात. अफू देतात गावाकडे, मला ठाऊक आहे. खरं सांगा, मी रागावणार नाही. पण ऑपरेशनच्या दिवशी पोटात ती असली, तर माझ्या भुलीखाली हा श्वास घ्यायचंच विसरेल.”

मी शपथेवर नाही म्हटलं.

मग मीच विचारलं — “दुखतं का हो यांना?” बाई बॅटरी बंद-चालू करत राहिल्या. “पुस्तकात नाही म्हणून लिहिलंय. मी दिवसभर यांचे चेहरे बघते. मला आता खात्री नाही.” मग म्हणाल्या, तापाचं पातळ औषध दुखण्यावरही चालतं, गावातल्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे ठरवून घ्या, चुपचाप. लंगोट सैल ठेवा. आईच्या उघड्या छातीशी धरा.

श्वासाचं अनुला सांगितलं नाही. तिचं दूध आटेल. कोणालाच नाही सांगितलं. बसमध्ये ह्यांना एवढंच म्हटलं — बाई म्हणतात, कोणीतरी बाबूला अफू देतंय. हे खिडकीतून संत्र्याच्या बागा बघत राहिले. म्हणाले, “असं कोण देईल?”

हो ना. कोण?

२४ नोव्हेंबर

घरात माणसं किती! अनु, मी, हे, बापूजी. आणि सकाळची अंबाबाई.

अंबाबाई कपाशी वेचायला जायची पूर्वी. या भागात वेचायला जाणारी बाई लेकराला काय करून नेते ते काय मला माहीत नाही? मोहरीएवढी गोळी, बोटावर चोळून टाळूला लावायची. लेकरू दिवसभर धुऱ्यावर, बांधावरच्या झाडाखाली, साडीच्या झोळीत. आई ओटी भरून येईपर्यंत हूं नाही की चूं नाही.

तेलाची वाटी ती आपली आपण आणते. वाटीत काय असतं, मी कधी पाहिलं?

२६ नोव्हेंबर

दोन दिवस तिच्या समोर बसून आहे. तिला कळलंय. “काहून बाई, मी का सोनं घालून राह्यली का त्याच्या अंगावर?” हसली. हसण्यात काही आहे का ते बघत राहिले. तेलाचा वास घेतला. तिळाचं तेल. पण पदराची गाठ? गाठीत काय आहे?

ह्यांच्याजवळ बोलले. वह्या तपासत होते. वर न बघता म्हणाले, “तुझी गोष्ट सुरू झाली. एखादे वेळी तसं नसेलही.”

गोष्टी लिहिणाऱ्या बाईला हाच टोमणा बसतो नेहमी. पण खरंच, गोष्ट असती तर मीही अंबाबाईलाच धरलं असतं. म्हणजे तिनंच केलं असेल, की मला तसं लिहायची सवय आहे?

बाबू झोपलाय. मी त्याचा श्वास ऐकते. एक येतो. मग दुसऱ्याची वाट बघावी लागते.

२८ नोव्हेंबर

अंबाबाईला नको येऊस म्हटलं.

तेल लावून झालं होतं. मी सरळ विचारलं. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं तेव्हा तिनं बाबूला नीट दुपट्यात गुंडाळलं, अनुच्या मांडीवर ठेवलं, आणि उभी राहिली.

“माह्या पोरीले देत होती मी. हाओ, देत होती. वावरात कोण धरंल तिले? एक दिवस कपाशी वेचून आली तं पोरगी झोपलेलीच. हलवली, पाणी मारलं. उठलीच नाई. तवापासून त्या जहराले मी हात नाई लावला. अन् तुमच्या लेकराले देऊ? काहून देऊ बाई? माह्यं का अडलं व्हतं?”

वाटी उचलली, निघाली. फाटकाशी थांबून म्हणाली, “त्याले दुखते, हे पयल्या दिवसापासून कोण सांगून राह्यलं व्हतं? मीच ना?”

इतकं मनापासून बोलली. म्हणूनच माझा विश्वास बसला नाही. इतकं चांगलं कोणी एकदम बोलत नाही, आधी मनात जुळवलेलं असतं.

अनु माझ्याशी बोलत नाही. हे जेवताना म्हणाले, “थांबायला हवं होतंस.” जेवण अर्धं टाकलं. उद्या पहाटेच त्यांना छिंदवाड्याला जायचंय, शाळेचं काम, तीन-चार दिवस.

२९ नोव्हेंबर

सिद्ध झालं! अंबाबाई आली नाही आणि बाबू जागा झाला. सकाळी दहापासून रडतोय. बाहुल्या मोठ्या दिसताहेत, शीही झाली. गणिताच्या मास्तरांना आल्यावर सांगेन — हे घ्या उत्तर.

पण काय रडणं ते! नुसतं रडणं नाही. जांभया, शिंका, हातपाय तुटल्यासारखे झाडतो. दुपारी डावीकडे लिंबाएवढं टणक वर आलं. अनुनं किंचाळून हाक मारली. गावातल्या डॉक्टरांकडे तसेच धावलो. त्यांनी पाय वर धरून हलक्या हातानं ढकललं, गेलं आत. माझ्याकडे बघून म्हणाले, “रडू दिलंत का?”

काय सांगू? रडू दिलं. झोपला तर मरेल, रडला तर आतडं अडकेल. या दोन्हींच्या मधे एवढीशी जागा आहे आणि तिथं तो झोपलाय.

तापाचं औषध विचारलं. “ताप कुठंय?” म्हणाले. हट्ट धरला तेव्हा चमच्यावर खूण करून दिली, किती वेळानं द्यायचं तेही सांगितलं.

३० नोव्हेंबर

औषधानं थोडा उतार. आठ्या गेल्या, झोपला, पण दाराची कडी वाजली तर डोळे उघडले. ही झोप मला ओळखू येते. अनुनं त्याला ब्लाऊज सोडून छातीशी धरलंय. मला म्हणाली, “आई, अंबाबाईनंच सांगितलं होतं असं धरायला.”

मी न ऐकल्यासारखं केलं.

२ डिसेंबर

हे परत आले काल संध्याकाळी. फाटकातच विचारलं, “रडला का फार?” मी सगळं सांगितलं — लिंबाएवढी गाठ, डॉक्टर, सगळं. ह्यांचा चेहरा उतरला. बाबूला घेतलं, ओसरीवर नेलं. आता औषध आहे, बरं चाललंय, असं मी म्हणत होते ते त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.

आणि आज बाबू पुन्हा गप्प. हलवलं तरी गप्प. बाहुल्या मोहरीएवढ्या.

अंबाबाई तर चार दिवस फाटकाशी फिरकली नाही!

मग?

३ डिसेंबर

बापूजी!

सुचलं कसं नाही मला? सासऱ्यांच्या उशाखाली पितळेची डबी असते. गुडघ्यांसाठी घेतात, सगळ्यांना माहीत. इतकं माहीत की दिसेनासं झालंय. त्यांची बाज ओसरीवर, पाळणा माजघराच्या दाराशी. दुपारी आम्हा दोघींचा डोळा लागला की पाच पावलं.

आणि त्यांना रडणं सहन होत नाही. परवा म्हणालेच — “त्या पोट्ट्याले जामसांवलीले नेऊन मारुतीच्या पायावर घाला. तुमचं डॉक्टर फालतू हाय.”

४ डिसेंबर

दुपारभर त्यांच्या बाजेशी बसले, मेथी निवडत.

“बापूजी, लहान बाळाला अफू देतात म्हणे आपल्याकडे.”

“देतात ना. तुह्या नवऱ्याले, केशवले दिली व्हती म्या. दात येऊन राह्यले तवा.” खदखदा हसले. “बिघडला का? मास्तर झाला!”

“आणि बाबूला?”

हसणं थांबलं. डोळ्यांनी धड दिसत नाही त्यांना, तरी माझ्याकडे तोंड करून बघितलं. “सूनबाई, मले पाळण्यापर्यंत चालता येते का? उगा बोलून राह्यली.” मग उशाखाली हात घालून डबी काढली, तळहातावर तोलली. “उलट मीच म्हणून राह्यलो. डबी हलकी होऊन राह्यली माही. केशवले म्हटलं, तं तो म्हणे, बापूजी, तुमच्याच ध्यानात राहत नाही.”

चोराच्या उलट्या बोंबा! आणि ह्यांनी वडिलांची बाजू सावरली, तेही पाहा. डबी काढून घेण्याचा धीर झाला नाही. नव्वदीकडे आलेलं शरीर, एक दिवस ती मिळाली नाही तर थरथर कापतं.

पाळण्यापर्यंत चालता येत नाही म्हणे. परवा मांजराच्या मागे उठून गेले ते?

७ डिसेंबर

पाळणा आता माझ्या बिछान्याशी. दुपारी डोळा लागू देत नाही. बापूजी बाजेवरून हलत नाहीत, मी बघते म्हणून हलत नाहीत. तरी बाबू गुंगलेलाच. कसं करतात? कधी? सकाळी हे त्याला ओसरीवर कोवळ्या उन्हात नेतात तेव्हा, बापूजींच्या बाजेजवळूनच तर जातात. ह्यांना म्हटलं, त्या बाजूला नका नेत जाऊ. बरं म्हणाले.

आज त्या उन्हात दोघांना बघत उभी होते. अनु एवढीशी होती तेव्हा ह्यांनी तिला कधी घेतलं नाही. चारचौघांत बापानं मूल घ्यायचं नाही, अशी रीत. आता हा माणूस शाळेची घंटा होईपर्यंत नातवाला खांद्यावर टाकून फिरतो. करंगळी त्याच्या तोंडात, ओठ पुटपुटताहेत. पाढे म्हणत होते. एकोणतीसचा! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या घरात सगळ्यांवर नजर ठेवून मी थकलेय. बरं वाटलं, एका माणसाकडे तरी नुसतं बघता आलं.

९ डिसेंबर

आज नागपूरला आलो, अनुच्या मावससासूकडे उतरलोय. उद्या ऑपरेशन.

सकाळी निघताना बाबूला ओसरीवर फिरवून आणलं ह्यांनी. बसमध्ये ओझं असह्य झालं. अनु पुढच्या बाकावर होती. मी ह्यांना भुलीच्या बाईंचं ते वाक्य सांगून टाकलं. अफू पोटात असली तर भुलीखाली श्वास घ्यायचं विसरेल. म्हटलं, “उद्या मी बाईंना सांगणार, बापूजींचं नाव घेऊन. मला माफ करा, तुमचे वडील आहेत. पण सांगणार.”

“हे आधी का नाही सांगितलंस?” एवढंच म्हणाले, तेही अर्धा रस्ता मागे पडल्यावर.

इथं आल्यावर नळाशी कितीतरी वेळ हात धूत उभे होते. संध्याकाळी बाबू रडायला लागला. मी त्यांच्याकडे दिला तर हात मागे घेतले. “अनुकडे दे. औषध दे तुझं ते.”

वडिलांचं नाव घेतलं, त्याचा राग. समजू शकते मी.

१० डिसेंबर

भुलीच्या बाईंनी दारातच विचारलं, “काही दिलंय का?” मी बापूजींचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

ह्यांनी करंगळी पुढे केली. “यावर लावून,” म्हणाले. “मीच. काल सकाळपर्यंत. मी त्याचे पाय धरले होते, बाई. त्याला दुखतं.”

बाईंनी ऑपरेशन थांबवलं. आणि माझ्या हातांतला बाबू मान वळवून वळवून त्या करंगळीकडे तोंड नेत होता.